कुमार कुस्ती स्पर्धेचे पंचप्रमुख व्हायचे असेल तर: पात्रता, कागदपत्रे आणि अर्ज

पंधरा किंवा सतरा वर्षांखालील मुलांच्या कुस्ती स्पर्धेत पंचप्रमुखाचे काम पहिली शिट्टी वाजण्याच्या कितीतरी आधी सुरू होते. वयाची पडताळणी, वैद्यकीय तपासणी, वजने, भाग्यपत्रिका (कोणाची कुस्ती कोणाशी हे ठरवणारी सोडत), कोणत्या मॅटवर कोणते तीन पंच राहतील याची वाटणी आणि निकालपत्रकांवरची अखेरची सही, ही सगळी जबाबदारी त्याची असते. म्हणूनच अर्जासोबत जोडायचा जवळजवळ प्रत्येक कागद त्या दिवशीच्या एखाद्या कामाशी थेट निगडित आहे, आणि तो का जोडायचा हे समजून घेतले तर अर्ज भरणे सोपे जाते.

सर्वप्रथम स्पर्धा कोणाची आहे ते पाहावे. शालेय स्पर्धा १४, १७ आणि १९ वर्षांखालील गटांत होतात व जिल्हा पातळीवर त्यांचे नियोजन जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयाकडे असते. अजिंक्यपद आणि निवड चाचण्या कुस्ती संघटना घेतात. राज्यात संघटनेच्या पातळीवर दुफळी आहे हेही लक्षात ठेवले पाहिजे. नोव्हेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्र केसरी फुलगाव आणि धाराशिव अशी दोन ठिकाणी, दोन वेगवेगळ्या संघटनांनी भरवली होती. तेव्हा परिपत्रकाच्या शीर्षावर कोणाचे नाव आहे आणि आपला पंच परवाना कोणी दिलेला आहे, हे जुळवून घेतल्याशिवाय अर्ज करू नये.

पात्रतेचा गाभा म्हणजे चालू परवाना आणि मॅटवरचा अनुभव. केवळ जुना पैलवान असणे पुरेसे नाही. मॅटवरील पंच, मॅटच्या कडेला बसून गुण देणारा साइड पंच आणि त्या दोघांत मतभेद झाल्यास निर्णय देणारा मॅट चेअरमन या तिन्ही जागांवर काम केलेल्या व्यक्तीलाच पंचप्रमुख करावे, असे माझे स्पष्ट मत आहे. ज्याच्या तालमीची मुले त्याच स्पर्धेत उतरणार आहेत, त्याने ते अर्जातच लेखी कळवावे आणि त्या मुलांच्या कुस्त्यांपासून दूर राहावे.

अर्ज साध्या कागदावर चालतो, मात्र तो जिल्हा तालीम संघाच्या शिफारसपत्रासह, परिपत्रकातील मुदतीत पोहोचला पाहिजे. सोबत पंच परवान्याची व शेवटच्या नूतनीकरणाची छायाप्रत, आधारकार्ड, दोन छायाचित्रे, आधीच्या स्पर्धांची नियुक्तीपत्रे, वैद्यकीय तंदुरुस्तीचा दाखला आणि मानधनासाठी रद्द केलेला धनादेश जोडावा. शिक्षक किंवा सरकारी कर्मचारी असल्यास कार्यालयाचे ना हरकत प्रमाणपत्र लागते, आणि ते ऐनवेळी मिळत नाही. पोलिसांचे चारित्र्य पडताळणी प्रमाणपत्र परिपत्रकात मागितलेले नसले तरी जोडावे, कारण आपण दिवसभर अल्पवयीन मुलामुलींमध्ये वावरणार असतो. त्यासाठी महाराष्ट्र पोलिसांच्या संकेतस्थळावर अर्ज करता येतो. पडताळणीला वेळ लागतो म्हणून महिनाभर आधी सुरुवात करावी.

नियुक्तीपत्र हाती आल्यावर खरी कसोटी वयाच्या कागदांची असते. आंतरराष्ट्रीय नियमांत वय जन्मवर्षावरून मोजतात. २०२६ मध्ये १५ वर्षांखालील गटात २०११ आणि २०१२ साली जन्मलेली मुले बसतात, तर २०१३ चा मुलगा पालकांचे संमतिपत्र आणि वैद्यकीय दाखला असेल तरच खेळू शकतो. १७ वर्षांखालील गटासाठी २००९ आणि २०१० ही वर्षे धरतात, आणि २०११ च्या मुलाला तेच दोन कागद लागतात. शालेय स्पर्धेत मात्र परिपत्रकात छापलेली तारीखच प्रमाण मानावी.

जन्मदाखला पाहताना जन्मतारखेखालची नोंदणीची तारीख अवश्य वाचावी. एका तालुका स्पर्धेत माझ्यापुढे आलेल्या दाखल्यावर या दोन तारखांमध्ये नऊ वर्षांचे अंतर होते. जन्मानंतर वर्ष उलटून गेलेली नोंद दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय होत नाही, म्हणून आदेशाची प्रत मागितली, ती नव्हती. शाळेतून जनरल रजिस्टरचा उतारा आणवला तेव्हा मुलगा दीड वर्षाने मोठा निघाला. त्याच्यासमोर उतरणारा पोरगा ४१ किलोचा होता, आणि आदल्या रात्री एस.टी.ने येऊन शाळेच्या व्हरांड्यात झोपला होता. त्या पोरासाठी तो दाखला वाचणे माझे कर्तव्य होते. खोट्या जन्मदाखल्यांवरून भारतीय कुस्ती महासंघाने २०२५ मध्ये मल्लांना निलंबितही केले आहे.

वजनापूर्वी डॉक्टरांची तपासणी झालीच पाहिजे. दाद, गजकर्ण यांसारखा संसर्ग असलेल्या मुलाला खेळवू नये, वाढलेली नखे तिथेच कापायला लावावीत. मुलींची वजने महिला पंचांनीच घ्यावीत. त्या उपलब्ध नसतील तर आयोजकांना आधीच लेखी कळवून व्यवस्था करून घ्यावी. मुलांवरील लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाल्यास २०१२ च्या पोक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार ती पोलिसांना कळवणे प्रत्येकावर बंधनकारक आहे, ती आयोजकांच्या कानावर घालून थांबता येत नाही. १०९८ हा बालमदत क्रमांक वजनाच्या खोलीबाहेर लावून ठेवावा.

पंचांच्या बैठकीत दोन गोष्टी मी दर वेळी सांगतो. १५ आणि १७ वर्षांखालील गटांत डबल नेल्सनला (दोन्ही हात प्रतिस्पर्ध्याच्या काखेखालून घालून मान दाबण्याच्या डावाला) मनाई आहे आणि कुस्ती दोन-दोन मिनिटांच्या दोन फेऱ्यांची असते. मोठ्यांच्या तीन मिनिटांच्या सवयीने घड्याळ लावू नये. दुसरे असे की मॅट चेअरमनने आपले मत आधी देऊ नये, मॅटवरील पंच आणि साइड पंच यांचे मत आल्यावरच द्यावे.

स्पर्धा संपल्यावर सही केलेली निकालपत्रके, वजनाची यादी, नाकारलेल्या प्रवेशिका कारणांसह आणि दुखापतींची नोंद असा अहवाल नियुक्ती देणाऱ्या कार्यालयात जमा करून पोच घ्यावी. ती पोच पुढच्या अर्जाला अनुभवाचा पुरावा म्हणून जोडता येते.