फाउंटन्स ॲबी

इंग्लंडच्या नॉर्थ यॉर्कशर परगण्यातील ख्रिस्ती मठाचे भग्नावशेष. रिपन या छोट्या शहराच्या नैर्ऋत्येस सुमारे ५ किमी. वर, स्केल नदीच्या अरुंद खोऱ्यात ते आहेत. मठाचे नाव तेथील झऱ्यांवरून पडले.

यॉर्कच्या सेंट मेरीज मठातील सैल राहणी न पटल्याने १३ भिक्षू तेथून बाहेर पडले. आर्चबिशप थर्स्टनने ११३२ मध्ये त्यांना ही रानवट जागा दिली. थोड्याच वर्षांत ते कडक नियमांच्या सिस्टर्शियन पंथात सामील झाले. गंमत अशी की, साधेपणासाठी घर सोडलेल्यांचा हा मठ पुढे इंग्लंडमधील अतिशय श्रीमंत मठांपैकी एक ठरला. पैसा आला तो मेंढ्यांच्या लोकरीतून. शेतीभातीची अंगमेहनत बहुतांशी निरक्षर ‘श्रमबंधू’ करीत. त्यांची भोजनशाळा, निजायची जागा आणि चर्चमधला भागही वेगळा असे. पश्चिमेकडील सुमारे ९० मी. लांबीचे कमानदार छताचे दालन त्यांच्याच इमारतीचा तळमजला होय. चर्चवर आता आभाळाचेच छत आहे. हे दालन मात्र जवळजवळ शाबूत आहे. पाहुण्याने सर्वांत जास्त वेळ येथेच काढावा. उत्तरेकडील सुमारे ५० मी. उंच मनोरा ॲबट (मठाधिपती) मार्माड्यूक ह्यूबीने सोळाव्या शतकाच्या सुरुवातीस उभारला. पंथाच्या जुन्या नियमांत असा डामडौल बसत नव्हता.

राजा आठवा हेन्री याने देशभरचे मठ बंद केले, तेव्हा १५३९ मध्ये हा मठही राजाच्या ताब्यात गेला. पुढच्या वर्षी तो सर रिचर्ड ग्रेशम या व्यापाऱ्याला विकला गेला. छपरावरचे शिसे काढून नेल्यावर उरलेले काम पावसाने केले. जवळच्या फाउंटन्स हॉल या वाड्याला मठाचेच दगड लागले आहेत.

मग एवढे उरले कसे? शेजारच्या स्टडली रॉयल इस्टेटीचा मालक जॉन एझ्लबी अर्थमंत्री होता. ‘साउथ सी’ कंपनीच्या शेअर-घोटाळ्यात त्याची संसदेतून हकालपट्टी झाली आणि त्याने उरलेले आयुष्य तळी, कालवे व हिरवळींची जलोद्यान रचना करण्यात घालवले. मुलगा विल्यम याने १७६७ मध्ये मठाचे अवशेष विकत घेऊन बागेला जोडले. पडका मठ हा बागेतला देखावा झाला! उद्यानातून नदीकाठाने चालत आल्यास वळणानंतर तो एकदम समोर येतो. प्रवेशद्वारापासून थेट मठ गाठणाऱ्यांची ही मजा हुकते. १९८३ पासून ही जागा ऐतिहासिक वास्तू जपणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेकडे आहे. १९८६ मध्ये तिचा जागतिक वारसा यादीत समावेश झाला.

ही इस्टेट पुढे लॉर्ड रिपन यांच्याकडे आली. देशी भाषांतील वृत्तपत्रांवरचा जाचक कायदा रद्द करणारे आणि १८८२ च्या स्थानिक स्वराज्याच्या ठरावामुळे आपल्याकडे माहीत असलेले व्हाइसरॉय ते हेच. त्यांच्या पत्नीचा भाऊ १८७० मध्ये ग्रीसमध्ये लुटारूंकडून मारला गेला. त्याच्या स्मरणार्थ हरणांच्या कुरणात सेंट मेरीज चर्च बांधण्यात आले. वास्तुकार विल्यम बर्जेस याने त्याचे अंतरंग सोनेरी मुलामा, रंगीत काचा आणि लाकडात कोरलेले पोपट यांनी भरून टाकले आहे.