कोबेच्या राखेतून: जपानमध्ये परक्या भाषकांना आपत्तीची तयारी शिकवण्यामागचा इतिहास

जपानमध्ये दर १ सप्टेंबरला देशभर आपत्तीची कवायत होते. तारीख तोक्यो परिसरातल्या १९२३ च्या कांतो भूकंपाची. त्यात लाखाच्या आसपास माणसं गेली, बहुतेक आगीत. पुढच्या काही दिवसांत जे घडलं ते कवायतीच्या भाषणांत फारसं येत नाही. कोरियन लोक विहिरींत विष कालवताहेत अशी अफवा उठली आणि नाक्यानाक्यावर जमलेल्या टोळ्यांनी कोरियनांची कत्तल केली. आकड्यावर आजही वाद आहे. अनेक अभ्यासक तो हजारांत धरतात. संशयिताला ‘पंधरा येन, पन्नास सेन’ हे जपानीत म्हणायला लावत. उच्चार अडखळला की जीव गेला.

ही आठवण नसती तर १९९५ मध्ये कोबेत जे झालं ते त्या वेगानं झालं नसतं, असं मला वाटतं.

१७ जानेवारी १९९५, पहाटे ५.४६. हानशिन भूकंपात ६,४३४ बळी गेले. सर्वाधिक होरपळलेल्या भागांपैकी एक म्हणजे कोबेचा नागाता प्रभाग. तिथे चपला-बूट बनवणारे छोटे कारखाने, त्यांत पिढ्यान्‌पिढ्या राबणारे कोरियन आणि त्यांच्या शेजारी व्हिएतनामी. १९७९ मध्ये जवळच्या हिमेजीत निर्वासितांसाठी पुनर्वसन केंद्र निघालं होतं. तिथून बाहेर पडलेल्यांना जपानी फारसं न येताही नागातात काम मिळे. यातल्या अनेकांनी आयुष्यात भूकंप पाहिलाच नव्हता. शाळेच्या इमारतीत आसरा घ्या म्हटलं तर ती कोसळेल अशी भीती, म्हणून कितीतरी कुटुंबं भर थंडीत बागेत तंबू ठोकून राहिली. पाणी कुठे मिळतं, नुकसानभरपाईचा अर्ज कुठे करायचा, हे सगळं भिंतीवरच्या जपानी कागदांवर.

दोन आठवड्यांच्या आत, ३० जानेवारीला, तिथल्या कोरियन मंडळींनी ‘एफएम योबोसेयो’ हे रेडिओ केंद्र सुरू केलं. परवाना नव्हता. पुन्हा अफवा पसरू नयेत ही चिंता त्यामागे होती. एप्रिलमध्ये आगीत जळालेल्या ताकातोरी चर्चच्या आवारातून व्हिएतनामींसाठी ‘एफएम यूमेन’ बोलू लागलं. जुलैत दोन्ही एक झाली, नाव ‘एफएम वायवाय’. १९९६ च्या १७ जानेवारीला, भूकंपाच्या वर्षदिनी, परवान्यासह प्रक्षेपण सुरू झालं. सरकारनं आडमुठेपणा केला नाही, हेही नोंदवायला हवं.

दुसरा धागा विद्यापीठातला. हिरोसाकी विद्यापीठातले भाषाशास्त्रज्ञ काझुयुकी सातो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी साधा हिशेब मांडला: पहिल्या ७२ तासांत डझनभर भाषांतले अनुवादक मिळणारच नाहीत. मग जपानीच सोपी करा. दुसरी-तिसरीतल्या मुलाला झेपतील असे शब्द, छोटी वाक्यं. ‘उंच प्रदेशी स्थलांतर करावे’ हा सरकारी थाट सोडून ‘उंच जागी पळा’. ही झाली ‘यासाशी निहोंगो’, म्हणजे सोपी जपानी. परकीय विद्यार्थ्यांवर केलेल्या चाचणीत नेहमीची बातमी जेमतेम ३० टक्के कळली, सोपी केलेली ९० टक्क्यांच्या वर. जपानी अजिबात न येणाऱ्या पर्यटकाला याचा उपयोग नाही, हे खरंच. पण वर्षानुवर्षं राहणाऱ्या कामगाराला आहे.

मार्च २०११ च्या त्सुनामीनंतर एनएचके या जपानच्या सार्वजनिक प्रसारण संस्थेनंही सूर बदलला. शांत, सभ्य आवाजात इशारे ऐकून लोक घरातच थांबले होते. आता पडद्यावर मोठ्या, सोप्या अक्षरांत ‘त्सुनामी! पळा!’ येतं आणि निवेदक चक्क ओरडतात. २०२४ च्या १ जानेवारीला नोतो भूकंपाच्या वेळी ते सगळ्या जगानं ऐकलं. सोपी भाषा परक्यांसाठी निघाली, कामी स्थानिकांच्याही आली. २०२१ मध्ये तर ‘स्थलांतराची शिफारस’ आणि ‘स्थलांतराचा आदेश’ यातला फरक जपान्यांनाच उमगत नाही म्हणून शिफारस रद्द झाली.

अनुवादाची घाई कशी अंगाशी येते हे हामामात्सु शहरानं ऑक्टोबर २०१९ मध्ये दाखवलं. इमिग्रेशन कायद्यातल्या १९९० च्या बदलानंतर आलेल्या ब्राझीलवासीयांची तिथे मोठी वस्ती. हागिबिस वादळात पोर्तुगीजमध्ये जो इशारा गेला, त्याचा अर्थ नदीजवळून निघा असा न होता नदीजवळ जा असा झाला.

मराठी माणसाचा संबंध येतो तोक्योच्या एदोगावा प्रभागात. निशिकासाई परिसरात २००० च्या सुमारास भारतीय संगणक अभियंते राहू लागले, त्यांत मराठी घरं पुष्कळ. एप्रिल २०१९ मध्ये योगेंद्र पुराणिक प्रभागाच्या सभेवर निवडून आले. पुढच्याच महिन्यात प्रभागानं पुराचा नकाशा काढला. मुखपृष्ठावर लिहिलं होतं, ‘इथे थांबून चालणार नाही’. प्रभागाची सुमारे ७० टक्के जमीन भरतीच्या पातळीखाली. मोठ्या पुरात पाणी एक-दोन आठवडे हटणार नाही, तेव्हा वेळीच प्रभागाबाहेर पडा, असा सरळ सल्ला.

एनएचकेची परदेशी भाषांतली सेवा हिंदी, उर्दू, बंगालीत आहे, मराठीत नाही. नोकरदारांचं इंग्रजीवर भागतं. पण नातवंडांसाठी काही महिने आलेल्या आजी-आजोबांना कुठल्या जिन्यानं उतरायचं, कुठे जमायचं, हे सून किंवा शेजारीण सांगेल तेवढंच माहीत असतं.