असेंब्ली भाषेची पुस्तके (आरंभीच्या घरगुती संगणकांसाठी)

घरगुती संगणकावर असेंब्ली, म्हणजे प्रोसेसरच्या आज्ञा थेट लिहिण्याची भाषा, शिकण्याचे पुस्तक प्रोसेसरशी जुळावे लागते आणि त्या संगणकाशीही. पहिली गोष्ट कुणीही पाहतो: झेडएक्स स्पेक्ट्रममध्ये (१९८२) झेड८० हा प्रोसेसर, बीबीसी मायक्रोत (१९८१) ६५०२, कमोडोर ६४ मध्ये (१९८२) त्याच कुळातला ६५१०. दुसऱ्या गोष्टीकडे मात्र दुर्लक्ष होते. ॲपल टू आणि कमोडोर ६४ यांच्या आज्ञा सारख्याच, पण पडद्यावर अक्षर उमटवणारे रॉममधले (कायमच्या मेमरीतले) सबरूटीन, म्हणजे तयार छोटा प्रोग्राम, ॲपलवर मेमरीतल्या ६५००५ या पत्त्यावर, तर कमोडोरवर ६५४९० वर. एकाच्या पुस्तकातला प्रोग्राम दुसऱ्यावर तसाच चालत नाही.

रॉडने झॅक्स यांच्या 'प्रोग्रामिंग द झेड८०' सारखे जाडजूड ग्रंथ प्रत्येक आज्ञा आणि तिचा फ्लॅगवरचा (प्रोसेसरमधल्या निकालदर्शक खुणांवरचा) परिणाम सांगतात. संदर्भाला ते उत्तमच, पण स्पेक्ट्रमचा पडदा कसा रंगवायचा हे त्यात सापडत नाही. म्हणून असा ग्रंथ आणि त्या संगणकावरचे एखादे पातळ पुस्तक, अशी जोडी घ्यावी.

पातळ पुस्तक पारखायला स्पेक्ट्रमचा पडदा बरा. त्याची ६१४४ बाइट मेमरी सरळ क्रमाने लावलेली नाही. अक्षराच्या चौकोनात एक पिक्सेल खाली यायला पत्त्यात २५६ मिळवावे लागतात. ३२ मिळवले तर बहुतेक ठिकाणी आपण थेट आठ पिक्सेल खाली पोचतो. हे आकृतीसह समजावलेले नसेल तर पुस्तक परत फळीवर ठेवावे.

असेंब्लरचा, म्हणजे आज्ञांचे आकड्यांत रूपांतर करणाऱ्या प्रोग्रामचाही विचार हवा. बीबीसीच्या बेसिक भाषेमध्ये तो अंगचाच होता, चौकटी कंसात आज्ञा लिहिल्या की झाले. स्पेक्ट्रमबरोबर तो मिळत नसे. नवशिके आज्ञांचे आकडे बेसिकच्या 'डेटा' ओळींत लिहून 'पोक' या आज्ञेने मेमरीत भरत. त्यांच्यासाठी प्रत्येक आज्ञेशेजारी तिचा आकडाही छापलेला असणे गरजेचे. चालवण्यापूर्वी प्रोग्राम कॅसेटवर उतरवून घ्या, हा इशाराही पहिल्याच प्रकरणात हवा, कारण एक बाइट चुकला तरी संगणक गोठू शकतो आणि सगळे टंकन वाया जाते.

भारतात अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना ८०८५ हा प्रोसेसर शिकवला जाई. त्यांना झेड८० चे पुस्तक सोपे जाते, पण सुरुवातीला अडखळायला होते: त्यांचे 'मूव्ह ए, बी' तिथे 'एलडी ए, बी' होते. त्या आज्ञेचा बाइट (आकडा) मात्र दोन्हीकडे १२० च.