मुंबईतल्या रस्त्यांची टेंडरं: हे भांडण नेमकं कधीपासनं चालू आहे

जानेवारी २०२३ मध्ये मुंबई महापालिकेने ३९७ किलोमीटर रस्ते सिमेंट काँक्रीटचे करायचं ६,०७९ कोटींचं काम पाच कंपन्यांना दिलं, १९ जानेवारीला बीकेसीत पंतप्रधानांच्या हस्ते शुभारंभही झाला, आणि त्याच सुमारास आदित्य ठाकरेंनी पत्रकार परिषदा घेऊन आरोप सुरू केले की रेट फुगवलेत, आणि लोकांनी निवडून दिलेली महापालिकाच जागेवर नसताना एकटा प्रशासक एवढी मोठी कामं कशी काय देऊ शकतो. पालिकेचं म्हणणं सगळं नियमात बसवून केलंय. तेव्हापासून टीव्हीवर जे चाललं ते बघून वाटेल की हा ठाकरे-शिंदे वादातलाच एक अंक आहे. तो आहेच, पण खरं सांगायचं तर रस्त्यासाठी पैसे खर्च कोणी करायचे आणि त्याच्यावर नजर कोणी ठेवायची हे भांडण मुंबईत दीडशे वर्षांपेक्षा जुनं आहे आणि आपली महापालिका ज्या रूपात आहे ती मुळात ह्याच भांडणातनं आलीय.

१८६५ च्या कायद्याने मुंबईला पहिल्यांदा म्युनिसिपल कमिशनर मिळाला, आर्थर क्रॉफर्ड. ज्याच्या नावाचं मार्केट आहे तोच. वर जस्टिसेस ऑफ द पीस नावाची, सरकारने नेमलेली प्रतिष्ठित मंडळी होती पण कारभाराच्या चाव्या ह्या एकट्याच्या हातात. माणूस कामाचा होता, रस्ते, गटारं, मार्केट, साफसफाई सगळ्याला हात घातला, आणि हे कधी तर अमेरिकेतली यादवी संपून कापसाचे भाव कोसळले, शेअरबाजार बुडाला, शहरात भलेभले कफल्लक झाले त्याच वर्षांत. पालिकेवर कर्ज चढत गेलं, करदाते चिडले, १८७१ मध्ये जस्टिसेसच्या सभेत जोरदार हल्ला झाला आणि क्रॉफर्डसाहेबांना जावं लागलं. तेव्हा तरुण असलेल्या फिरोजशहा मेहतांनी मांडलेली बाजू फार शहाणपणाची होती असं मला वाटतं: कमिशनरचे हात बांधू नका, काम एकाच जबाबदार अधिकाऱ्याकडेच राहू द्या, पण त्याच्यावर लक्ष ठेवायला करदात्यांनी निवडून दिलेले लोक बसवा. १८७२ च्या कायद्यात ६४ जणांची कॉर्पोरेशन आली, निम्मे करदात्यांनी निवडलेले, आणि खर्चावर लक्ष ठेवायला १२ जणांची टाउन कौन्सिल. १८८८ च्या कायद्यात ह्याच टाउन कौन्सिलची स्टँडिंग कमिटी झाली, आपली स्थायी समिती. तो कायदा आजही चालू आहे, दुरुस्त्या करून करून. (गंमत म्हणजे १८८८ सालीच हेच क्रॉफर्ड पुण्याकडे मध्य विभागाचे कमिशनर असताना मामलेदारांकडून पैसे घेतल्याच्या आरोपांत चौकशीला सामोरे जात होते, आणि ज्या मामलेदारांनी कबुली दिली त्यांच्या बाजूने टिळक उभे राहिले होते. पण ते वेगळंच प्रकरण.)

तर मूळ रचना ही अशी. कमिशनर एस्टिमेट करणार, टेंडर काढणार, काम करून घेणार, पण ठराविक रकमेच्या वरचं कंत्राट असेल तर प्रस्ताव स्टँडिंगमध्ये जाणार आणि तिथे पास झाल्याशिवाय काम निघणार नाही. आता स्टँडिंगमध्ये २६ मेंबर असतात. मुंबईत राजकारण थोडंसं जरी फॉलो करत असाल तर स्टँडिंगचं चेअरमनपद महापौरपदापेक्षा का महत्त्वाचं मानतात हे सांगायची गरज नाही. सगळी टक्केवारीची चर्चा ह्याच टेबलाभोवती फिरते. म्हणजे जी कमिटी खर्चावर लगाम म्हणून आणली तिच्याचबद्दल लोक सगळ्यात जास्त संशय घ्यायला लागले.

मध्ये एक दुसरा प्रयोगही झाला होता. १८९६ ला मांडवीत प्लेग सुरू झाला, शहर रिकामं व्हायला लागलं, तेव्हा सरकारने १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट काढला, म्हणजे निवडून आलेल्या कॉर्पोरेशनला बाजूला ठेवून सरळ वेगळीच संस्था. तिने दाट वस्तीतनं रस्ते काढले, प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड आणि आज मोहम्मद अली रोड म्हणतो तो रस्ता. पैसा कर्जरोख्यांतून आणि सरकारने दिलेल्या जमिनींतून, वर कॉर्पोरेशनने दरवर्षी आपला वाटा द्यायचा. १९३३ मध्ये ट्रस्ट पालिकेत विलीन झाला. नगरसेवकांना वगळून वेगळी एजन्सी काढायची ही आयडिया मात्र विलीन झाली नाही, राज्य सरकारच्या एमएमआरडीए, एमएसआरडीसी बघा.

आता पैशाचं बघू, कारण त्याशिवाय टेंडरं समजत नाहीत. मुंबई पालिका देशात सगळ्यात श्रीमंत कशी, तर जकात, म्हणजे शहरात येणाऱ्या मालावरचा कर. दहिसर, मुलुंड, मानखुर्द, ऐरोली ह्या नाक्यांवर ट्रकांच्या रांगा लागायच्या आणि रोजच्या रोज रोख पैसा यायचा, शेवटच्या काळात वर्षाला सात हजार कोटींच्या घरात. त्यामुळे रस्त्यासाठी ना दिल्लीकडे हात पसरावे लागायचे ना मंत्रालयाकडे. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला, जकात बंद, आणि त्या बदल्यात राज्य सरकार नुकसानभरपाई देणार असं ठरलं, पहिला चेक ६४७.३४ कोटींचा. रक्कम दरवर्षी वाढते पण ती राज्याच्या तिजोरीतून येते, हा फरक लहान नाही. त्यातच २०२२ च्या सुरुवातीला ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना प्रॉपर्टी टॅक्स माफ झाला. तरीही बँकेत ९० हजार कोटींच्या वर ठेवी होत्या, आणि त्या ठेवींकडे सगळ्याच पक्षांचं लक्ष होतं. २०२५-२६ चं बजेट तर ७४,४२७ कोटींवर गेलं, निम्म्यापेक्षा जास्त भांडवली खर्चाचं, आणि ठेवी खाली यायला लागल्या.

पण पैसे असले म्हणजे काम वेळेवर होतं असं नाही, आणि त्याचा सगळ्यात वाईट नमुना रस्त्याच्या खालचा आहे. १९८५ मध्ये शहर तुंबलं तेव्हा पर्जन्यवाहिन्यांचा अभ्यास करायचं ठरलं, १९८९ ला वॉटसन हॉक्सले ह्या कन्सल्टंटला नेमलं, १९९३ ला रिपोर्ट आला, त्याचं नाव ब्रिमस्टोवॅड. त्यात सांगितलं होतं की जुनी गटारं तासाला २५ मिलिमीटर पावसाच्या हिशेबाने बांधलेली आहेत, तीही ओहोटी असेल तर, ती क्षमता ५० पर्यंत न्यावी लागेल, पंपिंग स्टेशनं लागतील, नाले रुंद करावे लागतील. खर्च तेव्हा ६१६ कोटी. एवढे कुठून आणायचे म्हणून फाइल पडून राहिली, थोडीफार कामं झाली तेवढीच. मग २६ जुलै २००५, सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर. त्यानंतर माधव चितळेंची सत्यशोधन समिती नेमली गेली, तो बारा वर्षं धूळ खात पडलेला रिपोर्ट बाहेर निघाला, आणि २००७ मध्ये केंद्राने त्यासाठी १,२०० कोटी मंजूर केले. म्हणजे ६१६ कोटी नाहीत म्हणून जे काम थांबवलं त्याला नंतर त्याच्या दुप्पट रक्कम फक्त केंद्राकडूनच मंजूर करून घ्यावी लागली आणि तीही पुरली नाही, हाजी अली, इर्ला अशी पंपिंग स्टेशनं टप्प्याटप्प्याने होत राहिली. उशिराचा खर्च कुठल्याच एस्टिमेटमध्ये धरत नाहीत ही माझी जुनी तक्रार.

रस्त्यांवर परत येऊ. मुंबईत पालिकेचे रस्ते साधारण २,०५० किलोमीटर. नव्वदच्या दशकापासून मोठे रस्ते काँक्रीटचे करायला घेतले, बाकी डांबरच, मध्ये पेव्हर ब्लॉकचं खूळ आलं आणि ते नंतर काढावंही लागलं. डांबराच्या रस्त्याचं दुखणं एक पाऊस आणि दुसरं चर. बेस्ट, टाटा, आधी बीएसईएस मग रिलायन्स मग अदानी, एमटीएनएल, महानगर गॅस, मोबाइलवाले, शिवाय पालिकेचं स्वतःचं पाणी आणि मलनिस्सारण खातं, सगळ्यांच्या लाइनी रस्त्याखाली आणि प्रत्येकाची खोदायची वेळ वेगळी. चर खोदणारा पैसे भरणार, बुजवणार पालिकेचा कंत्राटदार. मग रस्त्यावर खड्डा पडला की रस्त्याचा कंत्राटदार म्हणणार चरवाल्याने खराब केला, चरवाला म्हणणार रस्ताच कच्चा होता. हमी कालावधी कागदावर असतो पण असा वाद झाला की तो कोणावर लावणार? पुण्यात जंगली महाराज रोडचं उदाहरण सगळे देतात, १९७६ मध्ये रेकाँडो कंपनीने केलेला, तेव्हा स्थायी समितीत असलेल्या श्रीकांत शिरोळेंच्या पुढाकाराने, १० वर्षांच्या हमीवर, आणि तो पुढे कितीतरी वर्षं टिकला. बाकी पुणेकर ह्या गोष्टीला जे शेपूट जोडतात, की म्हणूनच त्या कंपनीला परत काम मिळालं नाही, त्यावर हसून सोडून द्यायचं की नाही ते तुम्हीच ठरवा.

मुंबईत स्फोट झाला तो २०१५-१६ ला. तेव्हाच्या महापौर स्नेहल आंबेकरांनी कमिशनर अजोय मेहतांना पत्र दिलं की रस्त्यांच्या कामात गडबड आहे, चौकशी लागली, पहिल्या टप्प्यात ३४ रस्ते उकरून तपासले, साधारण ३५२ कोटींची कामं. रिपोर्टमध्ये सरासरी ५३ टक्के अनियमितता. खोदलंच नाही तेवढं खोदल्याचं बिल, उचललाच नाही तो राडारोडा लांब नेऊन टाकल्याचं बिल, खालचे थर गायब. सहा कंत्राटदारांवर एफआयआर झाला, रस्ते विभागाचे आणि दक्षता विभागाचे असे दोन्ही चीफ इंजिनिअर आधी सस्पेंड आणि मग अटक. आणि ज्यांना क्वालिटी तपासायला पैसे देऊन नेमलं होतं त्या थर्ड पार्टी ऑडिटरची माणसंसुद्धा अटकेत. त्याच्या थोडंच आधी ई-टेंडरिंगचा घोळ निघाला होता, ऑनलाइन केलं म्हणजे पारदर्शक झालं असं सगळ्यांनी धरून चाललेलं, आणि टेंडर भरायची खिडकीच भलत्या वेळी थोडा वेळ उघडून बंद केली जात होती.

ह्यानंतर कंत्राटदार ब्लॅकलिस्ट झाले, नियम कडक झाले, आणि मग सुरू झालं बिलोचं, म्हणजे एस्टिमेटपेक्षा कमी भावाने टेंडर भरायचं युग. एस्टिमेट १०० चं असेल तर लोक ६५-७० ला भरायला लागले. ऐकायला बरं वाटतं, पैसे वाचले, पण दोनच शक्यता उरतात: एकतर पालिकेचं एस्टिमेट खोटं किंवा होणारं काम खोटं. खूप बिलो भरलं तर जादा अनामत घेण्याचा नियम आहे, त्याने फार फरक पडला नाही. २०२१ मध्ये साधारण १,२०० कोटींच्या रस्त्यांना ३० टक्के बिलो रेट आले तेव्हा पालिकेने ते टेंडरच रद्द केलं, ह्या भावात क्वालिटी मिळणार नाही म्हणून.

७ मार्च २०२२ ला नगरसेवकांची मुदत संपली, निवडणूक लागली नाही, कमिशनर इक्बालसिंह चहल प्रशासक झाले. म्हणजे प्रस्ताव मांडणारा तोच, पास करणारा पण तोच. ऑगस्टमध्ये ५,८०० कोटींचं टेंडर काढलं, ह्यावेळी छोट्या लोकल कंत्राटदारांना जागाच नको म्हणून पाच मोठी पॅकेजं (शहर एक, पूर्व उपनगर एक, पश्चिम उपनगरं तीन), हायवे बांधणाऱ्या मोठ्या कंपन्या याव्यात म्हणून जॉइंट व्हेंचरला बंदी, हमी १० वर्षं. प्रतिसाद धड मिळाला नाही, नोव्हेंबरमध्ये रद्द. परत रेट सुधारून ६,०७९ कोटींचं काढलं, आणि आता बिलोच्या जागी अबव्ह भरले गेले. मग वाटाघाटी, मग कार्यादेश, मग सुरुवातीला सांगितला तो वाद. मोठी कंपनी म्हणजे चांगलं काम हे गणितही लगेच फसलं: शहर विभागाच्या कंत्राटदाराने काम सुरूच नीट केलं नाही, नोव्हेंबर २०२३ मध्ये कंत्राट रद्द, ५२ कोटींचा दंड, प्रकरण हायकोर्टात, आणि कुलाबा ते सायन-माहीम पट्ट्यातले रस्ते परत टेंडरच्या रांगेत.

दुसऱ्या टप्प्यासकट एकूण ७०० किलोमीटरच्या आसपास काम आहे. थर्ड पार्टीचा जुना अनुभव लक्षात ठेवून ह्यावेळी आयआयटी मुंबईला देखरेखीला आणलं, अतिरिक्त आयुक्त अभिजित बांगर रात्रीचे आरएमसी प्लांटवर (तयार काँक्रीटच्या कारखान्यावर) जाऊन स्लम्प टेस्ट, म्हणजे काँक्रीट किती पातळ-घट्ट आहे त्याची चाचणी, बघतायत असे फोटो यायला लागले. एकाच वेळी एवढं खोदून ठेवल्यावर लोकांचे जे हाल झाले ते झालेच, ३१ मे २०२५ ला कामं थांबवायची असं ठरलं होतं आणि पाऊस २६ मेलाच हजर झाला. नवीन काँक्रीट रस्त्यावर चर खोदायला परवानगी नाही असंही जाहीर झालं, खाली डक्ट, म्हणजे केबल-पाइप न्यायला नळ्या, टाकलेत म्हणून. त्या डक्टमधनंच सगळे जातात की नाही हे पुढच्या दोन-तीन पावसाळ्यांत कळेल.

निवडणूक अखेर जानेवारी २०२६ मध्ये झाली. पण जवळजवळ चार वर्षं स्टँडिंग नव्हती त्या काळातच मुंबईच्या रस्त्यांची आजवरची सगळ्यात मोठी कंत्राटं दिली गेली, त्यावर नवीन नगरसेवक आता फार तर प्रश्न विचारू शकतात. हमीची १० वर्षं मात्र त्यांच्या आणि त्यांच्या पुढच्यांच्याही टर्ममध्ये येतात. आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई हायकोर्टाने ठरवून दिलंय की खड्ड्यामुळे कोणी गेलं तर घरच्यांना सहा लाख, जखमीला ५० हजार ते अडीच लाख, आणि ही रक्कम जबाबदार अधिकारी आणि कंत्राटदार ह्यांच्याकडून वसूल करायची. म्हणजे त्यासाठी आधी तो खड्डा नेमका कोणाचा, रस्तेवाल्याचा की चरवाल्याचा, हे कोणीतरी कागदावर लिहून द्यावं लागणार.