२०१३ च्या ट्रेबलमागचा जुना स्ट्रायकर

२०१३ ला बायर्न म्युनिकने एकाच सीझनमध्ये बुंडेसलिगा (जर्मनीची मुख्य लीग), जर्मन कप आणि चॅम्पियन्स लीग असं तिन्ही मारलं, जर्मनीतल्या पुरुषांच्या कुठल्याच क्लबला त्याआधी हे जमलं नव्हतं, आणि त्या टीमचा कोच होता ६८ वर्षांचा युप हाइन्केस. आजकाल या सीझनचा विषय निघाला की लोक रॉबेन-रिबेरी या दोन विंगर्सबद्दल बोलतात, नाहीतर त्यानंतर आलेल्या कोच ग्वार्डिओलाकडे वळतात. हाइन्केस म्हणजे एक शांत म्हातारा गृहस्थ, चांगली टीम आयती मिळाली, एवढंच. मला हे अजिबात पटत नाही. ती टीम जशी खेळली त्याची मुळं शोधायची तर थेट सत्तरच्या दशकात जावं लागतं, कारण हा माणूस स्वतः कुठल्या प्रकारचा स्ट्रायकर होता तिथेच बरंचसं उत्तर आहे.

जन्म ९ मे १९४५, म्हणजे युरोपातलं महायुद्ध संपलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी, गाव म्योन्शनग्लाडबाख. वडील लोहार, घरात दहा भावंडं. पोरगं आधी भिंतीच्या गिलाव्याचं काम शिकलं आणि मग गावच्याच बोरुसिया क्लबमध्ये आलं. क्लब तेव्हा दुसऱ्या पातळीवर होता. कोच हेनेस वाइसवाइलर, ज्याने तरुण पोरांची एक भन्नाट पळणारी टीम उभी केली आणि १९६५ ला ती बुंडेसलिगात आणली. त्या टीमला लोक 'शिंगरं' म्हणायचे, वय आणि वेग दोन्हींमुळे.

आता इथे एक गोष्ट लक्षात घ्या. त्याच काळात बायर्नकडे होता गेर्ड म्युलर, पेनल्टी बॉक्समध्ये उभा राहून अर्ध्या संधीचाही गोल करणारा. हाइन्केस तसा नव्हता. ग्लाडबाखचा खेळ काउंटरचा, मागे बॉल जिंकायचा, गुंटर नेत्झरने लांब पास टाकायचा आणि पुढच्यांनी मोकळ्या जागेत पळत सुटायचं. हाइन्केस बऱ्याचदा डावीकडून आत यायचा, आणि बॉल गेला की परत मागे पळायचाही. गोल मात्र तरीही धो धो. बुंडेसलिगाच्या ३६९ मॅचमध्ये २२० गोल. १९६७ ते ७० मध्ये हॅनोव्हरला जाऊन आला, परत आल्यावर १९७१, ७५, ७६ आणि ७७ अशी चार लीग टायटल्स. १९७४ ला ३० गोल मारून म्युलरच्या बरोबरीने टॉप स्कोरर, पुढच्या वर्षी एकट्याने. १९७५ च्या यूएफा कप (युरोपातली दुय्यम स्पर्धा) फायनलला डच क्लब ट्वेंटेच्या मैदानात ५-१ जिंकले त्यात याची हॅटट्रिक. देशासाठी ३९ मॅच, १४ गोल, १९७२ ची युरो आणि १९७४ चा वर्ल्ड कप जिंकणाऱ्या टीममध्ये, जरी वर्ल्ड कपला मैदानात फारसा दिसला नाही.

पण याच्या करिअरमध्ये जिंकण्याइतकंच अगदी थोडक्यात हरणंही आहे. १९७१ मध्ये इंटर मिलानला युरोपियन कपात (चॅम्पियन्स लीगचं जुनं नाव) ७-१ हाणलं, त्यात याचे दोन गोल, आणि मॅचच रद्द झाली, का तर प्रेक्षकांतून आलेला कोकचा कॅन इंटरच्या बोनिनसेन्याला लागला. मग मिलानमध्ये ४-२ हार, बर्लिनला परत खेळवलेल्या मॅचमध्ये ०-० आणि खेळ खल्लास. १९७३ ला लिव्हरपूलविरुद्धच्या यूएफा कप फायनलच्या (तेव्हा ती दोन मॅचची असायची) पहिल्या लेगला याची पेनल्टी अडवली गेली, दुसऱ्या लेगला याने दोन गोल मारले, एकूण स्कोअर ३-२ लिव्हरपूल. त्यानंतर काही आठवड्यांतच कोलोनविरुद्ध जर्मन कपची फायनल, त्यातही याची पेनल्टी हुकली, पण तिथे नेत्झरने वाचवलं, म्हणजे बेंचवर बसवलेला नेत्झर कोचला न विचारता स्वतःच मैदानात उतरला आणि एक्स्ट्रा टाइममध्ये विनर मारला (तो किस्सा जर्मनीत अजून सांगतात).

आणि शेवटची मॅच तर कहरच. २९ एप्रिल १९७८, ग्लाडबाख आणि कोलोन दोघांचे पॉइंट सारखे, कोलोन गोल डिफरन्सवर (मारलेले वजा खाल्लेले गोल) दहाने पुढे. ग्लाडबाखने डॉर्टमुंडला १२-० हरवलं, त्यात हाइन्केसचे पाच. बुंडेसलिगात एवढा मोठा विजय त्याच्या आधीही नाही आणि नंतरही नाही. तरी टायटल गेलंच, कारण तिकडे कोलोनने सेंट पाउलीला ५-० मारलं. पाच गोल मारून रिटायर झाला आणि हातात दुसरा नंबर.

लगेच कोचिंग. एक वर्ष उडो लाटेकचा असिस्टंट, मग १९७९ पासून स्वतः हेड कोच, तेही वयाच्या ३४ व्या वर्षी आणि कालपरवापर्यंत सोबत खेळलेल्यांवर. आठ वर्षं राहिला आणि एकही कप नाही. १९८० ला यूएफा कप फायनल फ्रँकफर्टविरुद्ध अवे गोलवर गेली (एकूण स्कोअर सारखा असला की परक्या मैदानात जास्त गोल मारणारा जिंकायचा), १९८४ ला जर्मन कप बायर्नविरुद्ध पेनल्टीवर गेला, तिथे लोथार माथेउसने पेनल्टी वर मारली, जो ग्लाडबाखसाठी शेवटचं खेळत होता आणि पुढच्या सीझनला बायर्नलाच चालला होता. क्लबकडे पैसा नव्हता, चांगला प्लेअर तयार झाला की विकायचा, हे चालूच. त्या काळात त्याचा चेहरा टेन्शनमध्ये लालबुंद व्हायचा म्हणून प्लेअर्सनी त्याचं नाव एका बल्बच्या कंपनीवरून 'ओसराम' पाडलं होतं. कडक, चिडका, नियमवाला, असा तो कोच होता. २०१३ चा प्रेमळ आजोबा तेव्हा कुठेच नव्हता.

१९८७ ला बायर्न. १९८८ ला माथेउस आणि ब्रेमे दोघं इंटरला गेले तरी १९८९ ला टायटल जिंकलं. त्या वर्षी कोलोनचा कोच क्रिस्टोफ डाउम रोज काहीतरी बोलायचा, हाइन्केसपेक्षा हवामानाचा नकाशा जास्त इंटरेस्टिंग असंही म्हणाला, टीव्हीवर समोरासमोर भांडण झालं, आणि काही दिवसांनी बायर्नने कोलोनमध्येच ३-१ जिंकून विषय संपवला. १९९० ला परत टायटल. पण युरोपात पुन्हा तेच, १९९० ला एसी मिलानकडून अवे गोलवर आउट, १९९१ ला बेलग्रेडमध्ये रेड स्टारविरुद्ध शेवटच्या मिनिटाला आउगेंथालरचा सेल्फ गोल. ऑक्टोबर १९९१ ला त्याला काढलं. मॅनेजर उली होएनेस त्याचा मित्र, आणि त्याने नंतर अनेकदा सांगितलं की ही आपली सगळ्यात मोठी चूक. ही गिल्टच पुढे कामी आली असं मला वाटतं.

मग लांबचा फेरा. आधी स्पेनचा बिल्बाओ क्लब, तिथे नीट चाललं. फ्रँकफर्टला मात्र वाट लागली, येबोआ, ओकोचा आणि गाउडिनो या तीन स्टार प्लेअर्सशी शिस्तीवरून इतकं वाजलं की टीमच फुटली आणि सीझन संपायच्या आत हा पण गेला. माझ्या मते हाइन्केस पुढे बदलला त्याची सुरुवात इथे आहे. स्पेनच्याच टेनेरिफेसारख्या छोट्या क्लबला १९९७ ला यूएफा कपच्या सेमीपर्यंत नेलं आणि त्यावर रिअल माद्रिदचा जॉब मिळाला. १९९८ ला अ‍ॅमस्टरडॅममध्ये मियातोविचच्या गोलवर युव्हेंटस १-० हरलं, माद्रिदने ३२ वर्षांनी युरोपियन कप जिंकला. आणि लीगमध्ये चौथे आले म्हणून कोचला नारळ. ३२ वर्षांचा दुष्काळ संपवून घरी जाणारा दुसरा कोच मला तरी आठवत नाही.

बेनफिका, परत बिल्बाओ, शाल्के. बेनफिकाने व्हिगोत सेल्टाकडून ७-० खाल्ले तेव्हा हाच कोच होता. शाल्केने २००४ ला काढलं तेव्हा सूर असा होता की माणूस जुन्या शाळेतला आहे आणि आता जमाना वेगळा आहे. २००६ ला घरच्या ग्लाडबाखला परतला, मॅच हरत गेले, जिवे मारण्याच्या धमक्या आल्या, जानेवारी २००७ ला राजीनामा. ६१ वर्षांचा होता, सगळ्यांनी धरलं की संपलं.

एप्रिल २००९ ला होएनेसने फोन केला. बायर्नने क्लिन्समनला काढलं होतं, तोही मोठा स्ट्रायकर आणि तोही कोच झालेला, शेवटच्या पाच मॅचसाठी कोणीतरी हवं होतं. चार जिंकल्या, एक ड्रॉ. लेव्हरकुसेनने लगेच उचललं, तिथे २००९-१० ला पहिल्या २४ लीग मॅच न हरता काढल्या, बायर्नकडून लोनवर आलेला टोनी क्रूस त्याच्या हाताखाली घडला, २०११ ला दुसरा नंबर. मग तिसऱ्यांदा बायर्न.

२०१२ म्हणजे त्याच्या आधीच्या सगळ्या पराभवांची बेरीज. लीगमध्ये डॉर्टमुंडच्या मागे दुसरे, जर्मन कप फायनलला डॉर्टमुंडकडूनच ५-२, आणि स्वतःच्या म्युनिकमधल्या मैदानात चेल्सीविरुद्ध चॅम्पियन्स लीग फायनल. ८३ व्या मिनिटाला म्युलर (थॉमस), ८८ व्या मिनिटाला ड्रोग्बा, एक्स्ट्रा टाइममध्ये रॉबेनची पेनल्टी अडली, मग शूटआउटही गेलं.

यानंतर त्याने जे बदललं ते बघा. बिल्बाओहून हावी मार्टिनेझ आणला, ४ कोटी युरो, बुंडेसलिगात तोवरचा रेकॉर्ड, मिडफिल्डमध्ये मागची बाजू झाकायला. पुढे स्ट्रायकर मांजुकिच, जो गोल मारो न मारो, डिफेंडरच्या अंगावर सतत धावून जाणारा. आणि रॉबेन-रिबेरी, ज्यांना तोपर्यंत मागे यायला सांगायची कोणाची हिंमत नव्हती, ते फुलबॅकसोबत आपल्या पेनल्टी बॉक्सपर्यंत पळायला लागले. स्वतः डाव्या बाजूने वर-खाली पळून २२० गोल मारलेला माणूस सांगतोय म्हटल्यावर स्टार प्लेअरपण ऐकतो, आणि फ्रँकफर्टनंतर कसं सांगायचं हेही तो शिकला होता, आता आरडाओरडा न करता, बाजूला घेऊन. रिझल्ट, ३४ लीग मॅचमध्ये फक्त १८ गोल खाल्ले, एकच हार, ९१ पॉइंट, दुसऱ्या नंबरपेक्षा २५ ने पुढे. बार्सिलोनाला दोन लेग मिळून ७-०. वेम्बलीवर डॉर्टमुंड २-१, ८९ व्या मिनिटाला रॉबेन. आठवड्याने स्टुटगार्ट ३-२ आणि तिसरा कप.

मजा म्हणजे जानेवारीतच क्लबने जाहीर केलं होतं की पुढच्या सीझनपासून ग्वार्डिओला येणार, म्हणजे अर्धा सीझन हा माणूस जाणारा कोच म्हणून काम करत होता. एखाद्या टीमने ढिली सोडली असती. या टीमने मे सुरू व्हायच्या आधीच लीग खिशात टाकली होती, ६ एप्रिललाच.

ऑक्टोबर २०१७ ला अँचेलॉट्टीला काढल्यावर होएनेसने चौथ्यांदा बोलावलं, वय ७२. लीग परत जिंकली, चॅम्पियन्स लीगच्या सेमीत माद्रिदने बाहेर काढलं, आणि शेवटची मॅच जर्मन कप फायनल, फ्रँकफर्टविरुद्ध, १-३ हरला.