निळ्या गोळीचा न शिकवलेला धडा

सहावी ते बारावीच्या मुलामुलींना सरकारी आणि अनुदानित शाळांत आठवड्यातून एकदा, बहुधा सोमवारी, निळी गोळी मिळते. ‘रक्त वाढतं, घे’ एवढं सांगून शिक्षक ती समोरच गिळायला लावतात. गोळीत ६० मिलिग्रॅम लोह असतं आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड. लोहाचं कौतुक होतं, फॉलिक ॲसिडचं नावही निघत नाही. खरं तर त्याची गोष्ट मुंबईतच सुरू झाली.

१९२८ साली लूसी विल्स ही इंग्रज डॉक्टर मुंबईत आली. गिरणीकामगार वस्तीतल्या गरोदर बायकांना एक जीवघेणा पांडुरोग, म्हणजे रक्त कमी होण्याचा आजार (ॲनिमिया), होत होता. परळच्या हाफकिन संस्थेत काम करताना तिला दिसलं, की मार्माइट या स्वस्तातल्या यीस्टच्या अर्काने तो बरा होतो. १९३१ मध्ये तिने ते प्रसिद्ध केलं. त्यामागचा घटक म्हणजे फॉलिक ॲसिड; १९४१ मध्ये ते पालकाच्या पानांतून वेगळं काढलं गेलं.

तोवर विचार आईच्या रक्ताचाच होता. बाळाच्या व्यंगाशी याचा संबंध असावा, अशी शंका १९६०च्या दशकात लिव्हरपूलच्या डॉक्टरांना आली. पुरावा मिळायला १९९१ उजाडलं. आधी मज्जारज्जूचं व्यंग असलेलं मूल झालेल्या बायकांवर सात देशांत चाचणी झाली. दिवस जाण्याआधीपासून फॉलिक ॲसिड घेतलेल्यांमध्ये ते व्यंग पुन्हा होण्याचं प्रमाण ७२ टक्क्यांनी घटलं.

मेख आहे ती ‘आधीपासून’ या शब्दात. बाळाचा मेंदू आणि मज्जारज्जू जिच्यापासून घडतात ती नळी गर्भधारणेनंतर २८ दिवसांत मिटते; ती नीट मिटली नाही की हे व्यंग राहतं. तेव्हा पाळी चुकून जेमतेम दोन आठवडे झालेले असतात, दवाखान्यात नाव घालणं तर दूरच. म्हणजे ही माहिती लग्नाआधी, शाळेतच हवी. अपुऱ्या दिवसांच्या बाळंतपणाचंही तसंच. पांडुरोग, कोवळ्या वयातलं गरोदरपण आणि तंबाखू यांनी त्याचा धोका वाढतो. तंबाखूत आपल्याकडची मिश्रीही आलीच. आणि २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत राज्यातल्या २० ते २४ वयाच्या बायकांपैकी २१.९ टक्के जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं.

पण हे शिकवायचं तर वर्गात गर्भधारणेचं नाव काढावं लागतं. २००७ मध्ये लैंगिक शिक्षणावरून इतका गदारोळ झाला की राज्य सरकारने ते शाळांतून बंदच केलं. पुढे २०१२-१३ पासून गोळ्या आल्या, त्याही गरोदर बाईला लाल आणि शाळकरी मुलांना निळी, म्हणजे गल्लत नको. व्यवस्था म्हणून ते ठीकच, पण दोन्हींत औषध तेच आहे हे पोरींना कळायला काय हरकत होती?

२०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने पाळी येणाऱ्या मुली-बायकांसाठी आठवड्याच्या गोळीत २,८०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असावं असं सुचवलं, कारण व्यंग टाळायला रोज लागणाऱ्या ४०० मायक्रोग्रॅमची ती सातपट होते. २०१८ मध्ये आलेल्या ‘ॲनिमियामुक्त भारत’ मोहिमेत मात्र निळी गोळी ५०० मायक्रोग्रॅमचीच राहिली. पांडुरोगासाठी ती घ्यावीच. पण मूल हवं असेल तेव्हा रोज ४०० मायक्रोग्रॅमची वेगळी गोळी आधीपासून सुरू करावी लागते, हे तिच्याबरोबर कुणी सांगत नाही.