बाबांचा पाट

दादर पश्चिमेला स्टेशनबाहेर पडलं की दिवाळीच्या आठवडाभर आधी उटण्याच्या पाकिटांचे ढीग लागलेले असतात. गेल्या वर्षी मी तिथून घाईघाईने निघाले होते. नागरमोथा आणि आंबेहळदीचा वास आला आणि पाय जागच्या जागी थांबले. बाबांना जाऊन तेव्हा पाच महिने झाले होते. दिवसकार्य, बँकेचे कागद, मृत्यूचा दाखला, सगळं मी कोरड्या डोळ्यांनी निभावलं होतं. त्या वासापुढे मात्र माझं काही चाललं नाही.

याला शरीरशास्त्रात कारण आहे. डोळ्यांनी पाहिलेलं आणि कानांनी ऐकलेलं मेंदूत आधी थॅलॅमस नावाच्या भागात पोहोचतं आणि तिथून पुढे वाटलं जातं. हा थॅलॅमस म्हणजे मेंदूतलं दादरच. वासाची गाडी तिथे न थांबता पुढे जाते. गंधाचे संदेश नाकाच्या वरच्या बाजूला असलेल्या गंधकंदातून, थॅलॅमसला वळसा घालून, भावनांशी जोडलेल्या अमिग्डालापर्यंत आणि आठवणी साठवणाऱ्या हिप्पोकॅम्पसच्या दारापर्यंत जातात. म्हणून ‘हा उटण्याचा वास’ असं मनात उमटायच्या आधीच घसा दाटून आलेला असतो.

पण वास हे निमित्त झालं. सणच इतका का बोचतो?

अ‍ॅरिझोना विद्यापीठातल्या मेरी-फ्रान्सिस ओकॉनर मेंदू आणि शोक यांचा अभ्यास करतात. त्या शोकाकडे एक प्रकारचं शिकणं म्हणून पाहतात. आपलं माणूस कुठे असेल, केव्हा भेटेल, याचा एक नकाशा मेंदूने वर्षानुवर्षं आखलेला असतो. माणूस गेल्याचं कळतं एका क्षणात, पण नकाशा पुसायला फार वेळ लागतो. संध्याकाळी सात वाजता लॅचची किल्ली फिरेल, अशी कानांना सवय असते. रोज ती फिरत नाही आणि रोज मेंदू थोडं थोडं शिकतो.

इथे मला माझी एक गोष्ट जोडावीशी वाटते. ती माझी समजूत आहे, प्रयोगातून सिद्ध झालेली नाही. बाबा संध्याकाळच्या चहाला नाहीत, हा धडा पाच महिन्यांत मी दीडशे वेळा गिरवला होता. पण नरक चतुर्दशीच्या पहाटे साडेचारला सगळ्यांना हलवून उठवणारे, पाट मांडणारे, पाटाभोवती रांगोळीची वेडीवाकडी रेघ ओढणारे बाबा नाहीत, हा धडा एकदाही झालेला नव्हता. तो वर्षातून एकदाच येतो. त्यामुळे दुसरी, तिसरी दिवाळीसुद्धा जड गेली तर आपलं काहीतरी चुकतंय असं मानू नये. मेंदूला तालीमच कमी मिळालेली असते.

मग सण करूच नये का? आपल्याकडे दुःखाच्या वर्षी घरात कढई चढवत नाहीत, शेजारी-नातेवाईक फराळ आणून देतात. ही रीत मला फार शहाणी वाटते. घराला आनंदाचं सोंग आणावं लागत नाही आणि ताट रिकामंही राहत नाही. पण सगळंच सोडून दिवस नुसता ढकलावा, याबद्दल मला शंका आहे. त्या शंकेला आधार देणारा एक अभ्यास मराठी माणसांवरच झालेला आहे, तोही मॉरिशसमध्ये.

एकोणिसाव्या शतकात ऊसमळ्यांवर गिरमिटिया म्हणून गेलेल्यांत कोकणातली पुष्कळ माणसं होती. त्यांचे वंशज तिथे आजही गणपती बसवतात. मार्टिन लांग, यान क्राट्की आणि दिमित्रिस झिगालातास या संशोधकांनी तिथल्या मराठी हिंदू बायकांना आधी मुद्दाम काळजीत टाकलं. नैसर्गिक आपत्तीला तोंड कसं द्याल यावर लिहायला सांगितलं आणि त्याची तपासणी होणार असल्याचंही बजावलं. मग काही जणींनी देवळात जाऊन नेहमीसारखी पूजा केली, बाकीच्या दुसऱ्या इमारतीत नुसत्या बसून राहिल्या. पूजा केलेल्यांनी कमी काळजी वाटत असल्याचं सांगितलंच, शिवाय त्यांच्या हृदयाच्या ठोक्यांतही ते दिसलं. शांत माणसाच्या दोन ठोक्यांमधलं अंतर किंचित कमी-जास्त होत राहतं, ताणाखाली ते ठरावीक होऊ लागतं. देवळात गेलेल्यांमध्ये ही लवचिकता जास्त आढळली. हा अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला.

एका अभ्यासाने सगळं ठरत नाही, आणि काळजी म्हणजे शोक नव्हे. तरी संशोधकांचं स्पष्टीकरण मला पटतं. पूजेत पुढे काय करायचं हे हातांना आधीच ठाऊक असतं. पाणी, गंध, फूल, नैवेद्य, आरती. सगळं अनिश्चित झालेलं असताना मेंदूला हा ठरलेला क्रम सापडतो. वरळीच्या कोळीवाड्यात पावसाळ्यानंतर होड्या लोटण्याआधी समुद्राला नारळ देतात, तोही बेभरवशाच्या पाण्याच्या काठावरच.

म्हणूनच एका गोष्टीचा मला मनापासून राग येतो. नवरा गेलेल्या बाईला आपण ओवाळण्यापासून, हळदीकुंकवापासून दूर बसवतो. जिला त्या ठरलेल्या क्रमाची सर्वात जास्त गरज, तिच्याच हातातून आपण तबक काढून घेतो. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि राज्य सरकारने इतर गावांपुढे त्याचा आदर्श ठेवला. मुंबईतल्या किती सोसायट्यांत अजूनही बाईला असं दूर बसवलं जातं, हे आपलं आपणच पाहावं.

आणि हसू आलं तर? मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शुट यांनी १९९९ मध्ये मांडलेलं शोकाचं प्रारूप सांगतं की निरोगी शोक झोक्यासारखा असतो. कधी मन गेलेल्या माणसाकडे जातं, कधी चालू आयुष्याकडे, आणि दोन्हीकडे जाणं गरजेचं असतं. चकली तोंडात विरघळली आणि पाच मिनिटं बाबांचा विसर पडला, तर ती प्रतारणा नाही. पण झोका एकाच बाजूला अडकून राहिला, महिनोन् महिने झोप, जेवण, काम काहीच रुळावर येईना, तर सण संपायची वाट पाहू नये. टेली-मानस या मानसिक आरोग्यासाठीच्या सरकारी सेवेच्या १४४१६ क्रमांकावर मराठीतही बोलता येतं.

आम्ही गेल्या वर्षी कंदील लावला नाही, फराळ शेजारच्या काकूंनी दिला. अभ्यंगस्नान मात्र करायचं ठरवलं. पहाटे मी पाट मांडला आणि रांगोळीची रेघ ओढली. आई दारातच उभी राहिली.

“मी नको लावायला. तूच लाव दादाला.”

“आई, दरवर्षी तूच लावतेस.”

ती थोडा वेळ काहीच बोलली नाही. मग पदर खोचून खाली बसली आणि दादाच्या पाठीला उटणं चोळू लागली. “ह्यांना पाणी नेहमी कडकडीत लागायचं,” ती म्हणाली. बादलीत बोटं बुडवून पाहिलं आणि आणखी एक तांब्या गरम पाणी ओतलं.